पुलाखालची कॉम्प्युटर बस: जुने कॉम्प्युटर नकोत, बॅटऱ्या द्या

सिग्नलवरच्या पोरांना कॉम्प्युटर शिकवणारी एक बस आमच्या भागात येते. आधी तिचे मार्क सांगून टाकतो, कारणं नंतर. वेळ पाळणं: पाचपैकी पाच. शिकवणं: चार. वायरिंग: दोन, आणि तेही हात सैल सोडून दिलेत.

संस्थेचं नाव लिहीत नाही. वायरिंगबद्दल पुढे बरंच तिखट येणार आहे, आणि माझ्या रिव्ह्यूपायी त्यांची देणगी अडावी अशी माझी इच्छा नाही.

मी एसटीच्या दापोडी वर्कशॉपला इलेक्ट्रिशियन होतो. सगळी नोकरी गाड्यांच्या वायरी ओढण्यात गेली. ही बस जुन्या पुणे-मुंबई रस्त्यालगत एका उड्डाणपुलाखाली लागते. भाजी घेऊन घरी येताना दिसलं की ड्रायव्हर बॅटरी बॉक्स उघडून बसलाय आणि स्टार्टर नुसता टकटक करतोय. टर्मिनल घासून दिलं, गाडी सुरू झाली. आत डोकावलो तर सीटा सगळ्या काढलेल्या, दोन्ही बाजूंना लांब बाकडी, त्यावर दहा लॅपटॉप, मधल्या मोकळ्या जागेत सतरंजी, ड्रायव्हरच्या पाठीमागे पांढरा फळा. आणि सिग्नलवर फुगे, पेनं, गाडी पुसायची फडकी विकणारी आमच्याच भागातली पोरं. तेव्हापासून जातो अधूनमधून. पोरांनी माझं नाव 'वायरवाले आजोबा' ठेवलंय.

एसटीत एक गोष्ट शिकलो. गाडी कशीही असो, खिडकीची काच नसो, सीट फाटलेली असो, पण ती वेळेवर लागली तर माणसं थांबतात. या बसचं वेळापत्रक ज्याने कोणी आखलं, त्याने सिग्नल नीट बघितलाय. सकाळची ऑफिसची गर्दी साडेदहाला ओसरते. संध्याकाळी पाचनंतर पुन्हा धंदा. मधल्या वेळात पोरं पुलाखाली नुसती पडलेली असतात. बस अकराला येते, दोनला जाते, दोन बॅचमध्ये शिकवणं होतं. धंद्याच्या वेळेला हात लावत नाही, म्हणून आईबापही आडवे येत नाहीत. सकाळी नवाची शाळा या पोरांना का जमत नाही, याचं अर्धं उत्तर इथेच आहे. सकाळचा सिग्नल बुडाला तर दुपारी चूल पेटत नाही.

घड्याळ कोणाकडे नाही, पण अकरा वाजायच्या आधी चार-पाच जणं दुभाजकावर येऊन बसलेली असतात. ड्रायव्हर आल्यावर हॉर्न दोनदा वाजवतो, मग उरलेली पळत येतात. एकदा गाडी गॅरेजला गेली आणि काही दिवस आलीच नाही. परत आली तेव्हा निम्मी पोरं गायब. कोणी दुसऱ्या चौकात, कोणी जत्रेत फुगे घेऊन. त्यांना पुन्हा गोळा करायला शिकवणाऱ्या ताईंना उन्हात वस्तीवस्तीत फिरावं लागलं. म्हणून म्हणतो, अशी सेवा बघायला गेलात तर आधी लॉगबुक मागा. महिन्यात किती दिवस गाडी जागेवर लागली, ते बघा. आत किती लॅपटॉप आहेत ते नंतर.

कल्पना काही आजची नाही. डहाणूजवळ कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली, पोरं जिथे गुरं चारतात तिथेच शाळा. मुंबईत १९८८ साली सुरू झालेल्या 'डोअर स्टेप स्कूल'ने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बसमध्येच वर्ग भरवायला घेतले. ठाण्याला तीन हात नाक्यावर २०१६ पासून पुलाखाली कंटेनरमध्ये सिग्नल शाळा चालते, तिथली मुलं दहावीपर्यंत पोचली. मी लिहितोय ती गाडी यांपैकी कोणाची नाही, लहान संस्था आहे. पण चाल तीच: पोरगं शाळेपाशी येत नसेल तर शाळेने जायचं.

कायद्याने खरं तर या पोरांना शाळेत जागा आहे. १ एप्रिल २०१० पासून ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि वयाप्रमाणे वर्गात बसवायचं असतं. आता दहा वर्षांचं पोरगं, ज्याने कधी पाटी धरली नाही, ते पाचवीत बसणार. कायदा त्याच्यासाठी वेगळं शिकवा असंही सांगतो, पण साठ पोरांच्या वर्गात ते कोण करणार? बाईंचा दोष नाही त्यात. ही बस ते मधलं काम करते. वाचता यायला लागलं, शंभरपर्यंत आकडे लिहिता आले की ताई स्वतः त्याला महापालिकेच्या शाळेत नेऊन बसवतात आणि नंतरही जाऊन बघतात.

ड्रायव्हरची एक गोष्ट सांगायला हवी. तो पूर्वी दुसरीकडे गाडी चालवायचा, सवयीने खाकी शर्ट घालून यायचा. सुरुवातीला पोरं गाडीजवळ फिरकेनात. यातली बरीच कुटुंबं पारधी समाजातली आहेत. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, खाकीची धास्ती मात्र अजून घराघरात आहे. ताईंच्या लक्षात आलं. दुसऱ्या आठवड्यापासून ड्रायव्हर चौकड्यांच्या शर्टात. त्याच आठवड्यात पोरं पायरी चढली. हे कुठल्या प्रोजेक्ट रिपोर्टात लिहिलेलं नसतं.

आता कॉम्प्युटर. माझा पहिला प्रश्न हाच होता, आणि मी ताईंना विचारलाही.

"ताई, हातात मोबाइल असलेली पोरं आहेत ही. आईचा फोन घेऊन यूट्यूब लावतात. कॉम्प्युटर कशाला हवा?"

"काका, मोबाइलला बोलून काम होतं. 'गाणं लाव' म्हटलं की लागतं. अक्षराची गरजच पडत नाही. इथे क शोधल्याशिवाय क येत नाही."

ते मला पटलं. लॅपटॉपला इंटरनेट नाही, माइक बंद केलेला. मराठी टायपिंग इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर शिकवतात. इन्स्क्रिप्टची मांडणी बघितली नसेल त्यांच्यासाठी: मात्रा, वेलांट्या, काना डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. आधी व्यंजन मारायचं, मग त्याची मात्रा. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते, पण कीबोर्डवर ती नंतर मारायची. एक पोरगा यावरून ताईंशी भांडत होता. "आधी काढायची ना वेलांटी, मग इथं नंतर का?" ताई म्हणाल्या, "तोंडाने बोल. कि. आधी क बोललास की इ?" पोरगा तोंडातल्या तोंडात चार वेळा कि कि करत बसला आणि मग त्याने टाइप केलं. बाराखडी घोकून जे होत नाही ते असं होतं: आवाज आणि अक्षर एकमेकांना चिकटतात. रोमन अक्षरांत मराठी लिहून आपोआप देवनागरी करणारे कीबोर्ड आहेत, ते इथे वापरत नाहीत. ज्याला एबीसीडी येत नाही त्याला मराठीसाठी आधी इंग्रजीच्या दारात उभं करायचं कशाला?

चित्रांसाठी टक्स पेंट आहे. फुकट, २००२ पासूनचं, जुन्या लॅपटॉपवरही पळतं. माऊस धरायला शिकण्याचा दुसरा चांगला मार्ग मला माहीत नाही. एक बारीक गोष्ट: डबल क्लिकचा वेग सेटिंगमध्ये अगदी कमी करून ठेवलाय, कारण लहान बोटांना पटापट दोनदा दाबता येत नाही. हे ज्याला सुचलं त्याने पोरांचे हात बघितलेत.

सगळ्यात जास्त रमलो ते हिशेबाच्या तासाला. एक अकरा-बारा वर्षांची मुलगी आहे, फुगे विकते. तिला मी विचारलं, बारा फुगे वीसने किती? डोळ्यांची पापणी न हलवता, "दोनशे चाळीस. पण तेरावा घेतला तर अडीचशेत देते." ताईंनी स्क्रीनवर २४० लिहून विचारलं, हे किती? ती म्हणाली, "दोन, चार, शून्य." तोंडी हिशेबात तिला सोसायटीतला एकही पोरगा हरवणार नाही, आणि लिहिलेला आकडा तिला तीन वेगवेगळ्या खुणा दिसतो. हे तिच्यापुरतं नाही. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांची अशीच परीक्षा घेतली होती. त्यांचा निबंध २०२५ साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात आला. बाजारात भलेमोठे हिशेब तोंडी करणारी मुलं शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या सोप्या गणिताला अडली, आणि शाळेतली मुलं बाजारातल्या हिशेबाला.

ताईंनी कॅल्क या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये तिच्या धंद्याचाच तक्ता केला. घेतले किती, विकले किती, भाव काय, हातात किती. तिने भावाच्या चौकटीत २० खोडून २५ टाकलं, खालची बेरीज आपोआप बदलली. ती एकदम मागे सरकली. मग ५०० टाकलं आणि हसत सुटली. मग ३०, मग १५. बेरीज बदलली की ताई विचारायच्या, हे वाच. चारशे पन्नास हा शब्द आणि ४५० ही खूण यांचं लग्न त्या अर्ध्या तासात लागलं. आता ती येताना कालचा विक्रीचा आकडा डोक्यात घेऊन येते आणि बाकड्यावर बसल्या बसल्या तक्त्यात घालते. बापाला दाखवायचं म्हणून प्रिंट मागत होती. प्रिंटर नाही. तो नसलेलाच बरा, करंट खातो.

काही लोक म्हणतील, शिकवायला माणूस हवाच कशाला? १९९९ मध्ये सुगत मित्रा यांनी दिल्लीत कालकाजीला भिंतीत भोक पाडून कॉम्प्युटर बसवला आणि झोपडपट्टीतली पोरं आपली आपण शिकली, ते सगळ्यांनी ऐकलेलं असतं. शिकतात, खोटं नाही. माऊस, गेम, चित्र, सगळं एकमेकांचं बघून शिकतात. पण मी जे पाहिलं त्यात थोराड पोरगे लॅपटॉपला चिकटतात आणि मुली मागे उभ्या राहून बघतात. ताई हजर असल्या की मुलींची बारी येते, नसल्या की येत नाही. वेलांटीचं भांडण भिंतीशी करता येत नाही.

मार्क का कापला, तेही सांगतो. मध्यंतरी लॅपटॉप मंद चालतात म्हणून कोणी स्वयंसेवक आला आणि त्याने सगळे फॉरमॅट मारले. पोरांची फोल्डरं गेली. प्रत्येकाच्या नावाचं फोल्डर होतं, त्यात महिन्यांची चित्रं, टायपिंग. एक पोरगा रोज आधी आपलं फोल्डर उघडून मोजायचा किती चित्रं झाली ते. त्या दिवशी ते नव्हतं. तो उतरून गेला आणि बरेच दिवस आला नाही. ताईंनी स्वतः जाऊन आणला. पाचशे रुपयांच्या पेन ड्राइव्हवर शनिवारी कॉपी घेतली असती तर भागलं असतं. आता घेतात. शिवाय कुटुंब गाव सोडून गेलं की पोरगं कुठवर शिकलं होतं याचा कागद बरोबर जात नाही. पुढच्या गावात पुन्हा क पासून.

आता माझं खातं, म्हणजे वायरिंग. इथे थोडा वेळ घेणार.

बसच्या स्वतःच्या बॅटऱ्या दोन, बाराच्या, जोडून चोवीस व्होल्ट. त्या स्टार्टरसाठी. लॅपटॉपसाठी वेगळ्या दोन, दीडशे अँपिअर-अवरच्या ट्यूबुलर, त्यावर इन्व्हर्टर. हे बरोबर केलंय. हिशेब बघा: दहा लॅपटॉप प्रत्येकी साधारण ४० वॉट, म्हणजे ४००. पंखे, दिवे धरून ५००. तीन तासांचे १५०० वॉट-अवर, इन्व्हर्टरची गळती धरून १८००. चोवीस गुणिले दीडशे म्हणजे ३६००, पण बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे १८००. बरोबर काठोकाठ. नव्या बॅटरीला जमतं. दोन-अडीच वर्षांच्या बॅटरीला नाही. म्हणून दुसऱ्या बॅचला इन्व्हर्टर ओरडायला लागतो आणि मागच्या चार पोरांचे लॅपटॉप बंद करावे लागतात.

त्यात कोणीतरी पंखे बारा व्होल्टचे आणले आणि चोवीसच्या जोडीतल्या एकाच बॅटरीवरून टॅप मारला, म्हणजे मधूनच वायर काढली. गॅरेजवाल्यांची ही आवडती करामत. एक बॅटरी रोज जास्त रिकामी होते, दुसरी रोज जास्त चार्ज होते, आणि दोन्ही अकाली मरतात. बाराचे दोन-दोन पंखे सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडून, चोवीसवर घातले की प्रश्न मिटतो, एक रुपया खर्च नाही. मी घातले.

खरा राग मला पायरीचा आला. बॅटरी उतरली की शेजारच्या टपरीवरून एक्स्टेन्शन ओढायचे. दोन पिनांची वायर, अर्थिंग नाही. लॅपटॉपच्या चार्जरमधून थोडी गळती असतेच. ती तीन पिनांच्या बोर्डातून गाडीच्या पत्र्याला येते, गाडी रबरी टायरवर उभी, आणि पाऊस पडून गेल्यावर अनवाणी पोरगं ओल्या जमिनीवर उभं राहून चढताना दांडी धरतं. पोरं म्हणत होती, "गाडी चावते." टेस्टर लावला, पेटला. ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, "काका, म्हणूनच पायरीवर रबरची मॅट टाकलीय." मॅटीवर पाय पडायच्या आधी हात दांडीवर पडतो! एरवी नुसत्या मुंग्या येतात, पण एखादा चार्जर आतून फुटला की त्याच दांडीत २३० येईल. मी एक्स्टेन्शन तिथल्या तिथे काढून गुंडाळून ठेवलं. आता ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, बसलाय, तीन पिनांची वायर आहे, आणि झाडाच्या आळ्यात अर्थिंगची सळई ठोकली आहे. दोनाचे अडीच मार्क करायला हरकत नाही.

देणगीदारांबद्दल बोललो नाही तर झोप येणार नाही. २०१४ पासून ठरावीक नफ्याच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. पैसा आहे. पण येतं काय? ऑफिसातून काढलेले डेस्कटॉप. एकेक शंभर वॉटच्या वर खातो, दहा लावले तर बॅटरी पहिल्या बॅचलाच झोपते. मागच्या डिकीत ते पडून आहेत, फीत कापतानाची रिबिन अजून एका मॉनिटरला तशीच आहे. दुसऱ्या कोणी टपावर सोलर पॅनल दिले. पॅनल उत्तम आहेत. पण ऐन उन्हाच्या वेळी गाडी पुलाच्या सावलीत उभी असते. पुलाखालीच उभी करायची, कारण एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या बसचा पत्रा हात लावू देत नाही. आता रविवारी ड्रायव्हर गाडी आपल्या घरापुढे उन्हात लावतो, तेवढंच ते पॅनल कामाला येतात. बॅटऱ्यांचा जोड मात्र कोणी देत नाही. बॅटरी खोक्यात असते, तिच्यावर नाव घालून फोटो निघत नाही.

सध्या आमच्या सोसायटीत विषय आहे की पुलाखाली गर्दी होते, बस हलवा. मी उलटा प्रस्ताव दिलाय: वॉचमनच्या केबिनमधून बसला सबमीटर लावून एक पक्का पॉइंट द्यायचा, अर्थिंगसकट. दिवसाला साधारण दोन युनिट होतील, हिशेब लिहून नोटीस बोर्डावर लावला आहे. चेअरमन म्हणतात बघू. तिघांचा विरोध आहे, त्यांतल्या दोघांच्या घरी आत्ता इन्व्हर्टर बदलतायत. जुन्या बॅटऱ्या ते भंगारात घालणार होते, मी टेस्ट करायला मागितल्यात. एक बरी निघाली, एक गेलेली आहे.